‘येतो’चा दिवा

ता. १४ नोव्हें., मंगळवार

मयू, हे वाचायले घेशीन तं आधी चष्मा शोध. डोक्यावर असन. मागच्या खेपेले डोक्यावर चष्मा ठेवून तू सारं घर उलथं केलं अन् मांजरावर आळ घेतला. तुही आजी अडाणी आहे, पण आपली कवळी कुठी ठेवली ते तिले आठवते.

हे मी सांगून राह्यली अन् लिहून राह्यली तुही आई. सुशीला दहावी पास आहे. तिचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, असं सारे म्हणतात. मले तं साऱ्यांच्याच अक्षरात मुंग्या दिसतात. “आत्याबाई, सांगते लिहू का सांगतो?” म्हणे. म्हटलं, आपल्या इकडे बाईबी सांगतो म्हणते, पुण्याची भाषा कायले लावते माह्या तोंडाले.

लिहायचं कारण असं की तू आमच्यासाठी बनवलेल्या त्या मोबाइलातल्या पानाले फक्त आत्ताचं समजते. कालचा रंग पुसून आजचा लावते. कोण कधी गेलं, काय बोलून गेलं, त्याच्यापाशी काही राहत नाही. अन् तू पडली विसरभोळी. तं एका जागी तरी राहो.

दिना दसऱ्याच्या आधी गेला. माहा लेक, तुहा बाप, सुशीलेचा नवरा, एकाच माणसावर तिघींचा डोळा. पैनगंगेपल्याड जिनिंगच्या मशीनी दुरुस्त करायले गेला. इकडली जिनिंग यंदा सुरूच नाही झाली. पऱ्हाटी हिरवीगार उभी, अन् बोंड फोडलं की आत अळी. कापूसच नाही तं मशीन काय पीसन. फिटर माणूस घरी बसून किती दिवस माह्या कंदिलाची काच साफ करन.

दिवाळीपासून त्याचा मो. बंद.

आजही बंद.

ता. १६, गुरुवार

आज सुशीलेशी भांडण. तिलेच लिहायले लावून राह्यली, हे एक बरं आहे.

मयूच्या पानावर आम्हा चौघांची चार चित्रं आहेत, चित्राखाली दिवा. घरी किंवा जिथं जायचं तिथं पोचलं की ‘पोचलो’ दाबायचं, हिरवा होते. ‘येतो’ दाबलं की पिवळा. बरेच दिवस कोणी काहीच नाही दाबलं तं राखाडी. मले वाचता येत नाही म्हणून रंग. मयूचं चित्र मांजर, सुशीलेचं फूल, दिनाचा पाना. “पानावर पाना,” असं तोच बोलला होता अन् एकटाच हसला होता. माह्या जागी चष्मा लावलेली बुढी काढली आहे. मी चष्मा लावत नाही. ते अजून बदललं नाही.

तं माह्या फोनवर दिना पिवळा आहे. सुशीलेच्या फोनवर राखाडी.

मयूले फोन लावला. ती म्हणे, “आजी, तुझं पान जुनं आहे. तू ते बंदच करत नाहीस. उघडं ठेवलंयस तेव्हापासून त्याने तिकडे विचारलंच नाही.”

“तिकडे म्हणजे कुठी?”

“सर्व्हरला. खरं काय ते तिकडे असतं. फोनवर त्याची नक्कल. ती खाली ओढ म्हणजे ताजी होईल.”

“ताजी म्हणजे राखाडी?”

फोन ठेवला मी.

नाही ओढलं. सुशीला म्हणे, आत्याबाई, ते खोटं आहे. म्हटलं तुह्या फोनवरलीबी नक्कलच आहे, तुहा काही सातबारा नाही. तू तुही ठेव, मी माही ठेवतो. ती चूल पेटवायले गेली अन् फुंकणी जोरात आपटली.

फोन चार्जिंगलेच लावून ठेवला आहे. बंद पडला तं पान आपोआप ताजं होईन.

ता. १९, रविवार

सुशीला शेतातून आली, हातपाय धुतले, आता बसली लिहायले. तूर बरी आहे म्हणते. पऱ्हाटीत ढोरं सोडली लोकांनी.

‘येतो’ची गंमत लिहून ठेवतो.

मयूनं पान केलं तेव्हा तिच्या मनात, येतो म्हणजे माणूस घराकडे निघाला. आमच्या मनात असं काही नव्हतं. सुशीला शेतात निघाली, उंबऱ्यात म्हणाली येतो, दाबलं येतो. मी देवळात निघाली, येतो. दिना जिनिंगले निघाला, येतो. तिकडून मयूचा फोन, “तुम्ही सगळे कुठून येताय? घरी आहे कोण मग?”

आम्ही लय हसलो. मंग ती म्हणे, चुकलंच माझं, जाण्यासाठी वेगळं बटन देते, ‘जातो’ असं.

दिना त्याच्या आवडत्या लसणाच्या चटणीसंगं जेवून राह्यला होता. त्याचा हात ताटातच थांबला. फोन माह्या हातून घेतला अन् हळूच बोलला, “ते बटन आपल्या घरी नको, मयू.”

मीबी तेच म्हटलं असतं. उंबऱ्यात जातो कोण म्हणते. जातो म्हणून गेलेलं माणूस कोणी वापस आलेलं पाह्यलं का. मयूनं ऐकलं. पुण्यात राहून इतकं ऐकलं म्हणजे लयच झालं.

म्हणून पानावर जाणं नाहीच. आमच्या घरातून जो गेला तो येऊनच राह्यला असते.

दसऱ्याआधी दिना दारात उभा राह्यला, खांद्याले पान्यांची पिशवी. “येतो वं माय,” म्हणाला अन् तेच दाबलं. मले दाखवलं, हे पाह्य, पिवळा झाला. तिथं पोचल्यावर हिरवा केला. दिवाळीआधी घरची आठवण आली का काय, पुन्हा पिवळा केला. आम्हाले वाटलं दिवाळीले येईन. तेव्हापासून माह्या फोनवर तोच पिवळा आहे.

ता. २२, बुधवार

मो. बंद.

दुपारी तुराट्यांच्या गंजीमागून कोणीतरी ‘माय’ म्हटलं. आवाज ओळखीचा. मी जागची हालली नाही. आपल्या इकडे पहिल्या हाकेले ओ देत नाहीत, मयू, तुले सांगतलं होतं लहानपणी, विसरली असशीन. मेलेलं माणूस एकदाच हाक मारते. जिवंत माणूस ओ नाही मिळाली तं दुसऱ्यांदा मारते, वरून शिवी देते.

मी वाट पाह्यली. दुसरी आली नाही.

सुशीलेले विचारलं, तू ऐकलं का. नाही म्हणाली. पण हे लिहिताना तिचा पेन लय हळू चालून राह्यला.

ता. २४, शुक्रवार

दुपारची वेळ. सुशीला अंबाडी निवडत होती, फोन खिडकीत. मी तिकडे पाठ करून बसली होती. तिचा हात थांबल्याचं मले कळलं, कारण अंबाडीचा आवाज थांबला.

ती उठली, फोन आणून माह्या डोळ्यासमोर धरला. 

पाना. पिवळा.

तिच्या फोनवर. राखाडी होता तो.

तिनं लगेच त्याले फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मंग म्हणे, आता तुमचं ओढा. मी ओढलं. बोट दोनदा निसटलं. पान पांढरं झालं, मंग चित्रं आली. पिवळाच.

दोन्ही फोन आज एक बोलतात.

सुशीला म्हणे, “आता म्हणा की मी सांगतलं होतं.”

नाही म्हटलं. फोन पुन्हा चार्जिंगले लावला.

ता. २५, शनिवार

मयूचा लांब फोन. सुशीलेनं आवाज मोठा करून मधात ठेवला.

तिनं विचारलं, “त्यांनी दाबलं कधी ते सांग.”

मयू म्हणे, “आई, मी फक्त पोचल्याची वेळ ठेवलीय. काल दुपारी पोचलं. दाबलं कधी ते नाही ठेवलं.”

“काहून नाही ठेवलं?”

“मला वाटलं दोन्ही एकच असतं.”

मंग तिनं समजावलं, मी माह्या परीनं सांगतो. बटन दाबलं की फोन आपला स्वतःच आधी रंग लावून मोकळा होते. तिकडे कळवणं मागून. रेंज नसली तं ती दाबणी पोटात ठेवते, अन् रेंज आली की ओकते. माणसाले वाटते झालं काम. दाबणी मात्र अजून पोटातच.

म्हणजे दिनानं काल दाबलं असन. नाही तं मागं कधी तरी दाबलं असन, मंग फोन बंद पडला, अन् काल कोणी तरी तो फोन सुरू केला, पान उघडलं, अन् पोटातलं बाहेर आलं. कोणी तरी. तोच असं नाही.

अजून एक आहे. तिकडून ‘मिळालं’ असा निरोप नाही आला तं फोन तीच दाबणी पुन्हा पाठवते. दिवाळीआधीचा ‘येतो’ आम्हाले मिळाला होता, पण मिळाल्याचा निरोप त्याच्या फोनपर्यंत गेला नसन तं हा कालचा तोच जुना.

“प्रत्येक दाबण्याला एक नंबर द्यायला हवा होता,” मयू म्हणे. “म्हणजे तीच आहे का नवी, ते कळलं असतं.”

मी म्हटलं, जिवंत माणूस दोनदा हाक मारते, ही दुसरी आहे.

“आजी, फोन एकच हाक कितीही वेळा मारतो. ओ मिळेपर्यंत.”

मंग काय करावं माणसानं. इतकी वर्षं एक गोष्ट पक्की धरून बसली होती मी.

मयूचं नाक वाजत होतं. सर्दी झाली म्हणे. पुण्यात सर्दी बरोबर वेळेवर होते.

ता. २७, सोमवार

टोपल्यात भाकरी उरून राह्यली. सुशीला दिनाच्या वाटची एक जास्त टाकते. सकाळी ती ढोराले घालते.

संध्याकाळच्या बसच्या वेळी तिले फाट्यावर तेल आणायले जा लागते. घरात तेलाची कॅन भरलेली. म्हटलं सुशे, यंदा तेलाची विहीर भरून राह्यली का. हसली नाही. पण जाताना माह्यासाठी खारे दाणे आणू का म्हणे. आणले.

गावाले कळलं. सुशीलेनं शेजारच्या विमलले पिवळा दाखवला, विमलच्या तोंडाले कधी झाकण नव्हतं. आता जो तो येऊन चहा पिऊन राह्यला. “कोणत्या गाडीनं येऊन राह्यला दिना?” असं विचारतात. एकानं मटण सांगून ठेवू का विचारलं.

केळापूरले देवीपाशी जाऊन आली विमल. नारळ फोडला म्हणे दिनाच्या नावानं. फोडल्यावर खवट निघाला, ते तिनं सांगतलं नाही, तिच्या पोरीनं सांगतलं.

पोलीस ठाण्यात दिवाळीनंतर नोंद केलीच होती. सुशीला पुन्हा गेली, फोन दाखवला. तिथला माणूस म्हणाला, येतो म्हणतो ना बाई, मग येईल की, मोठा माणूस आहे.

मो. बंद.

ता. ३०, गुरुवार

आज सुशीला सांगते, मी ऐकतो.

ती म्हणाली, “आत्याबाई, त्यांनी तिथून कोणाले तरी येतो म्हटलं असन.”

म्हटलं म्हणजे काय.

“निघताना म्हणतात ना येतो. ज्या घरातून निघालो त्या घराले म्हणतात. हे त्यांनी आपल्याले म्हटलं का तिथल्या कोणाले? इकडे तोंड करून म्हटलं का पाठ करून? दिवा तं दोन्हीचा पिवळाच.”

मी म्हटलं, हे खोड. लिहू नको.

तिनं खोडलं नाही. माह्यासमोर वाचून दाखवलं, वरून.

माह्या मनात मरण होतं इतके दिवस. तिच्या मनात दुसरंच होतं, अन् ते घेऊन ती रोज फाट्यावर जात होती. माणूस जिवंत असून येत नाही, याची हाक कशी ऐकू येत असन? मले ते माहीत नाही. माह्या नवऱ्याले तेवढी अक्कल नव्हती.

दिव्याकडे पाहणं होत नाही आता. अन् पाह्यल्याशिवाय राहवत नाही. पदराखाली धरला तरी पिवळा उजेड पदरातून दिसते.

ता. ३ डिसें., रविवार

मयू आली. कॉम्प्युटर घेऊन. चष्मा डोक्यावर होता, मी काही म्हटलं नाही, ती घरभर शोधत फिरली. विमलनं सांगतलं शेवटी.

जेवण झाल्यावर बाजेवर बसून कॉम्प्युटर उघडला. तिनं नवं पान करून आणलं आहे. त्यात प्रत्येक दाबणीले नंबर, अन् दाबल्याची वेळ वेगळी, पोचल्याची वेगळी. पुन्हा असा घोळ होणार नाही म्हणे. फक्त एक आहे.

“नवं सुरू केलं की जुन्या पानाचं दाबलेलं तिकडे चालणार नाही. नंबर नाही ना त्याला. परत पाठवलं जाईल.”

मी विचारलं, “दिनाच्या फोनवर कोणतं पान आहे?”

“जुनं. तो फोन कधी नीट उघडला, रेंज आली, तर नवं तिथे जाईल. पण जुनं पान आधी पोटातलं पाठवतं, मगच नवं आणतं.”

“अन् ते पोटातलं तू परत पाठवशीन.”

“हो.”

“तं त्याच्या फोनवर काय दिसन?”

 “पिवळा,” म्हणे. “त्याचा फोन आधीच रंग लावतो ना. त्याला पिवळा दिसेल.”

“अन् आम्हाले?”

“काहीच नाही.”

म्हणजे दिना कुठल्या झाडाखाली बसून दाबन, मनात म्हणन मायले कळलं, अन् इथं कोणाले काही कळणार नाही. तो तिकडे रागावून बसन की इतक्यांदा सांगतलं, कोणी फोन केला नाही. मी म्हटलं, मयू, हे नको करू. राहू दे तुहं जुनं.

मयू चिडली. “आजी, जुनं ठेवलं तर पुन्हा खोटी हाक येईल. पुन्हा आई फाट्यावर जाईल. मला खरं-खोटं कधीच सांगता येणार नाही. मीच केलंय ना हे, मला दुरुस्त करू दे.”

मी म्हटलं, तुह्या दुरुस्तीपायी माह्या लेकाचं दार लावू नको.

वाईट बोलली मी. ती उठून मागं गेली, तुराट्यांपाशी उभी राह्यली. सुशीला इतका वेळ भांडी घासत होती. तिनं राखेचे हात धुतले नाहीत, तशीच मागं गेली. दोघी काय बोलल्या मले माहीत नाही, अन् सुशीला लिहायले तयार नाही.

वापस आल्यावर सुशीला एवढंच म्हणाली, “ते जुनंच राहन. खोटी हाक आली तं येऊ द्या. मी जाऊन पाहून येतो.”

ता. ५, मंगळवार

अक्षर बदललं. आता मयू लिहिते. हिच्या मुंग्या दारू पिल्यासारख्या चालतात असं विमल सांगते.

सुशीला सकाळच्या गाडीनं गेली. आदिलाबादकडे, दिना ज्या जिनिंगात शेवटी होता तिथं. तिथल्या मुनीमानं दिवाळीतच फोनवर सांगतलं होतं की मजुरी घेऊन गेला, आम्हाले माहीत नाही. मयू म्हणे मीबी येतो, तं सुशीला म्हणे, आजीपाशी थांब, बुढी एकटी राह्यली की हाका ऐकते.

एक लुगडं, एक पांघरूण, दिनाचा फोटो. इतकंच नेलं. डबा बांधतो म्हटलं तं नको म्हणाली, ओझं होते.

उंबऱ्यात उभी राह्यली. फोन हातात. मले वाटलं आता काय म्हणन. मयूबी बघत होती.

“येतो आत्याबाई.”

अन् दाबलं.

आता पानावर दोन पिवळे आहेत. फूल अन् पाना. शेजारी-शेजारी, मयूनं तसंच लावलं होतं आधीपासून.

दुपारी फूल हिरवं झालं. मयू नाचली जवळजवळ. मी म्हटलं बस खाली, तुही आई पोचली, इतकंच झालं.

ता. ८, शुक्रवार

सुशीलेचा फोन. आवाज फाटून-फाटून येत होता, मयूनं दोनदा विचारून लिहिलं.

मुनीम भेटलाच नाही तिले. वॉचमन भेटला, तेलुगू माणूस, मोडकी मराठी बोलते. फोटो ओळखला. दिनाची पान्यांची पिशवी त्याच्या खोलीत आहे. दिनानं ठेवायले दिली. चार्जर पिशवीतच आहे. फोन नाही.

म्हणजे फोन नेला अन् चार्जर नाही नेला. मयू म्हणे, मग फोन एक-दोन दिवसांत संपला असणार. तो इतका काळ बंद का, ते कळलं. पण त्या शुक्रवारी मंग त्याले वीज कोणी दिली?

मयूले विचारलं. तिले माहीत नाही. कॉम्प्युटरले विचार म्हटलं. त्याले माहीत नाही.

सुशीलेनं वॉचमनले विचारलं, जाताना काय म्हणाला. वॉचमन म्हणाला, “वस्ता, अन्नाडु.”

सुशीला म्हणे, म्हणजे काय.

तं त्यानं सांगतलं, वस्ता म्हणजे येतो, अन्नाडु म्हणजे म्हणाला. आमच्याकडे जातानाबी तेच म्हणतात, अम्मा. पोता, म्हणजे जातो, असं म्हणत नाही कोणी.

पैनगंगेपल्याडबी तेच. इतकी मोठी नदी मधात, अन् कोणाच्याच घरी जाण्याले शब्द नाही.  मयू म्हणे, आजी, बाबाने त्यांच्या भाषेत सांगितलं त्यांना. शिकला तेवढं.

दिना भाषा लवकर शिकते. कामाच्या जागी जीव लावते. हे चांगलं का वाईट, आज मले सांगता येत नाही.

पिशवी जिथं ठेवली तिथं माणूस वापस येते, असं मी मयूले सांगतलं. फिटर पान्याशिवाय कुठी जाईन. ती म्हणे, हो आजी. लवकर म्हणाली, म्हणजे तिले पटलं नव्हतं.

ता. १०, रविवार

सुशीला वॉचमनच्या घरी राह्यली आहे. त्याची बायको चांगली आहे म्हणते, बोलणं समजत नाही, तरी दोघी दिवसभर बोलतात. काल दोघी पुढच्या गावच्या जिनिंगात जाऊन आल्या. तिथं एक जण म्हणाला, असा फिटर पाह्यला होता, यवतमाळकडचा. दुसरा म्हणाला, तो नाही, तो नांदेडकडचा होता. उद्या अजून पुढं जाणार आहे.

दिनाच्या दिव्याचे दिवस भरत आले. कोणी काही दाबलं नाही तं उद्या आपोआप राखाडी होईन. मयूनं सकाळी विचारलं, आजी, तो नियम बाबांपुरता काढून टाकू का? पिवळा ठेवू का तसाच?

मी म्हटलं नको. जे आहे ते दिसू दे. तुह्या आईले तिथं उन्हात फिरताना खोटा पिवळा नको. पण जुनं पान घ्यायचं बंद करू नको, तेवढं ठेव. रात्री-बेरात्री कधी त्या फोननं ओकलं तं कोणी घ्यायले पाह्यजे.

ठेवलंय म्हणे. शपथ घालून विचारलं. ठेवलंय.

त्या बुधवारनंतर गंजीमागून हाक आली नाही. मी कान देऊन बसतो. मयूबी बसते, मले दाखवत नाही.

सुशीला फोनवर म्हणे तिकडे दोन वेळ भातच भात, पोट भरत नाही. मयू, उद्या सकाळची गाडी पल्याड जाते, कंडक्टर विमलच्या माहेरचा आहे, त्याच्या हाती डबा दे. भाकरी नको, वाटेत वाळते. दशम्या कर. कणिक दुधात भिजव, पाण्याचा थेंब नको, अन् थोड्या जाड ठेव. तू लाटशीन तं नकाशेच होणार, होऊ दे. कोरड्या फडक्यात बांध. संगं जवसाची चटणी दे, मीठ बेतानं, अन् लसूण भरपूर घाल. तुही आई लसूण खात नाही, मले माहीत आहे. तिच्यासाठी नाही सांगून राह्यली मी. घाल.